अटक वॉरंट आहे, तरी पायाखाली लाल गालिचा. मग त्या वॉरंटचा उपयोग काय?

शंकासुर:

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून विचारतोच. १७ मार्च २०२३ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने म्हणजे आयसीसीने पुतिनच्या नावाने अटक वॉरंट काढलं. तेव्हा बातम्या अशा होत्या की संपलं, आता हा माणूस रशियाबाहेर पाऊल टाकू शकत नाही, जगाने वाळीत टाकला वगैरे. त्यानंतर मी नुसता बघतोय. चीन झालं, सौदी-यूएई झालं, उत्तर कोरिया आणि व्हिएतनाम झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये तर थेट अलास्का, तिथे ट्रम्पनी लाल गालिचा अंथरला आणि स्वतःच्या गाडीत बसवून नेलं. डिसेंबरात दिल्ली. आपले पंतप्रधान विमानतळावर घ्यायला गेले, दोघं एकाच गाडीतून निघाले (आणि त्या गाडीची नंबर प्लेट एमएच होती यावर आमच्या ग्रुपवर युद्धापेक्षा जास्त चर्चा झाली).

साध्या माणसाला चेक बाऊन्सचं समन्स आलं तरी त्याची रात्रीची झोप उडते. इथे युक्रेनमधून मुलं पळवल्याचा आरोप आहे, युद्धगुन्हा आहे, आणि माणूस आरामात हात हलवत विमानातून उतरतोय. मग वाळीत टाकलं म्हणजे नक्की कोणी टाकलं? आणि तो खुर्चीवर असेपर्यंत त्याला कोणी हात लावणारच नसेल तर हे सगळं कागदी घोडे नाचवणं कशासाठी चाललंय? प्लीज राडा नको, आपले पक्ष मध्ये आणू नका, खरंच समजून घ्यायचंय.

उंटावरचा शहाणा:

बळी तो कान पिळी. उत्तर मिळालं, धागा बंद करा.

कलमबहाद्दर:

उंटावरून खाली उतरा हो जरा, इतकं सोपं नाहीये ते.

शंकासुर, तुम्ही जी यादी दिलीत ना तीच परत वाचा. चीन, सौदी, यूएई, उत्तर कोरिया, व्हिएतनाम, अमेरिका, भारत. यातला एकही देश आयसीसीचा सदस्य नाही. हे कोर्ट ज्या रोम करारावर उभं आहे त्याचे २०२५ मध्ये १२५ देश सदस्य होते (युक्रेन स्वतः १ जानेवारी २०२५ पासून झाला, त्याआधी त्याने फक्त अधिकारक्षेत्र मान्य करून ठेवलं होतं). कोर्टाकडे स्वतःचा एक हवालदारसुद्धा नाही, अटक करायची ती सदस्य देशाच्या पोलिसांनी. त्यामुळे आपण अटक केली नाही म्हणून आपण कायदा मोडला असं होत नाही, आपण तो करारच कधी सही केलेला नाही. रशियाने २००० साली सही केली होती, मंजुरी कधीच दिली नाही आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये सहीपण मागे घेतली.

आता तो कुठे गेला नाही ते बघा, ते जास्त बोलकं आहे. ऑगस्ट २०२३ ला जोहान्सबर्गला ब्रिक्सची बैठक होती. ब्रिक्स म्हणजे घरचंच कार्य, तरी गेला नाही, परराष्ट्रमंत्री लावरोवना पाठवलं आणि स्वतः व्हिडिओवर बसला. कारण दक्षिण आफ्रिका सदस्य आहे आणि तिथल्या विरोधी पक्षाने सरळ हायकोर्टात धाव घेतली की सरकारला अटक करायला लावा. राष्ट्राध्यक्ष रामाफोसांना प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावं लागलं की पुतिनला अटक करणं म्हणजे रशियाशी युद्ध पुकारल्यासारखं होईल. एका राष्ट्राध्यक्षाला दुसऱ्याच्या पाहुणचारासाठी कोर्टात असं लिहून द्यावं लागतं हीच केवढी नाचक्की. ब्राझीलपण सदस्य, तिथे २०२४ ची जी-२० हुकली आणि जुलै २०२५ ची ब्रिक्सपण हुकली.

हां, फट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाला गेला, मंगोलिया सदस्य आहे, अटक सोडा, घोडेस्वारांची मानवंदना दिली. पेट्रोल-डिझेल ९० टक्क्यांहून जास्त रशियाकडून येतं, डोक्यावर रशिया पायाशी चीन, काय करणार तो बिचारा देश. कोर्टाने २४ ऑक्टोबर २०२४ ला निकाल दिला की मंगोलियाने कर्तव्य पाळलं नाही. पुढे? पुढे काही नाही, सदस्य देशांच्या सभेकडे प्रकरण पाठवलं. ऑक्टोबर २०२५ ला ताजिकिस्तानला जाऊन आला, तोही सदस्य. म्हणजे वॉरंटने त्याला कोंडलं नाही पण नकाशावर लाल शाईने बऱ्याच जागा खोडल्या, एवढं खरं.

आणि आरोप मुलांचाच का, बुचातली कत्तल का नाही, मारियुपोलच्या थिएटरवरचा बॉम्ब का नाही, हा प्रश्न लोक विचारतात. कारण तिथे गोळी झाडणाऱ्यापासून क्रेमलिनपर्यंत हुकमाची साखळी एकेक कडी जोडून दाखवावी लागते. मुलांच्या बाबतीत कड्या आरोपींनीच जोडून दिल्या. मे २०२२ मध्ये युक्रेनच्या अनाथ मुलांना झटपट रशियन नागरिकत्व द्यायचा हुकूम पुतिनच्या सहीने निघाला. फेब्रुवारी २०२३ ला त्यांच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर पुतिनला सांगतात की मी स्वतः मारियुपोलचा एक मुलगा दत्तक घेतलाय. महिन्याभरात दोघांवरही वॉरंट. वकिली करताना असा पुरावा आयता मिळाला तर मी पेढे वाटेन. युक्रेनच्या म्हणण्याप्रमाणे अशी नावानिशी नोंद झालेली मुलं १९ हजारांहून जास्त आहेत.

गोगलगाय:

+१ वरच्या प्रतिसादाला. मी फक्त "वाळीत" या शब्दावर बोलते कारण मला तोच शब्द खटकतो.

वाळीत टाकणं म्हणजे सगळ्या गावाने विस्तव-पाणी बंद करायचं. इथे तसं कधी झालंच नाही. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देश रशियाविरुद्ध, बाजूने फक्त ५ (स्वतः रशिया धरून), ३५ तटस्थ. ऐकायला जबरदस्त, पण त्या ३५ मध्ये भारत आणि चीन, म्हणजे डोकी मोजली तर जगाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त तिथेच. त्याच्या दोनच दिवस आधी युरोपने फुटबॉलमधून हाकललं, १६ मार्चला युरोप परिषदेतून (युरोपीय संघ नव्हे, मानवाधिकार बघणारी वेगळी संघटना) काढलं, बँका स्विफ्ट या देशोदेशी पैसे पाठवायच्या यंत्रणेतून काढल्या, एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेतून निलंबन. पण तेव्हाच मतं बघा कशी घसरली, ९३ बाजूने २४ विरोधात ५८ तटस्थ. म्हणजे निषेध करा म्हटलं तर १४१ हात वर, आणि प्रत्यक्ष काहीतरी काढून घ्या म्हटल्यावर ९३. आपल्याकडे लग्नात आहेर देताना होतं तसंच.

आणि तेल. युद्धाआधी भारताच्या आयातीत रशियन तेल २ टक्केसुद्धा नव्हतं, नंतर ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. स्वस्त मिळत होतं, घेतलं, मी त्यात नैतिकतेचा आव आणणार नाही कारण युरोपपण कित्येक महिने त्यांचा गॅस जाळतच होता. जी-७ ने डिसेंबर २०२२ ला ६० डॉलरची कमाल मर्यादा लावली तीसुद्धा तेल बंद व्हावं म्हणून नव्हती, तेल वाहत राहावं पण पैसे कमी मिळावेत म्हणून होती. मग रशियाने जुनी-पानी जहाजं गोळा करून तो शॅडो फ्लीट उभा केला. गावाने बहिष्कार टाकला पण वाणी उधार देतोय, दूधवाला येतोय, आणि मागच्या दाराने निम्मा गावपण येतोय, असा तो बहिष्कार.

सगळ्यात मोठा झटका २४ फेब्रुवारी २०२५ चा. युद्धाला तीन वर्षं झाली त्या दिवशी आमसभेत युक्रेन आणि युरोपने आणलेल्या ठरावाच्या विरोधात अमेरिकेने मत दिलं. रशिया, बेलारूस, उत्तर कोरियाच्या रांगेत अमेरिका! ज्याने बहिष्काराची दवंडी पिटली तोच पाटील उठून त्या घरी जेवायला गेला म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करायचं. आणि त्याच अमेरिकेने ऑगस्टात रशियन तेल घेतो म्हणून आपल्यावर जादा २५ टक्के टॅरिफ लावलं, त्याच महिन्यात अलास्काचा गालिचा. आता बोला.

अवांतर: आंतरराष्ट्रीय न्यायालय, म्हणजे देशांमधले तंटे बघणारं दुसरं कोर्ट, तेही हेगलाच, त्याने १६ मार्च २०२२ ला लष्करी कारवाई थांबवा असा आदेश दिला होता, १३ विरुद्ध २. त्या १३ मध्ये भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. सरकार तटस्थ, न्यायाधीश स्पष्ट. हे आपल्याकडे फार कोणी लक्षात ठेवलं नाही.

शंकासुर:

गोगलगाय, आहेराचं उदाहरण जमलंय. पण मग कलमबहाद्दर, शेवटी उत्तर उंटावरच्या शहाण्याचंच खरं ठरतं ना? मंगोलियाचं काही वाकडं झालं नाही, अमेरिका सदस्य नाही, म्हणजे मरेपर्यंत हा माणूस सेफ.

रात्रपाळी:

ड्युटी संपवून आत्ता वाचतोय, लांबण लावणार आहे, आधीच सांगतो.

"त्याला कोण पकडणार" हा प्रश्नच मला चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. आजवर जे राज्यकर्ते हेगला गेले त्यातल्या बहुतेकांना बाहेरून कोणी जाऊन पकडून आणलेलं नाही. घरच्यांनी दिलंय.

मिलोसेविच घ्या. २७ मे १९९९ ला आरोपपत्र जाहीर झालं तेव्हा तो युगोस्लाव्हियाचा विद्यमान राष्ट्राध्यक्ष, कोसोवोचं युद्ध चालू, नाटोची विमानं डोक्यावर. तेव्हाही लोक हेच म्हणाले की कागद आहे कागद. पुढच्या वर्षी निवडणूक हरला, मान्य करेना, ५ ऑक्टोबर २००० ला लोक बेलग्रेडच्या संसदेत घुसले. नवं सरकार आलं पण त्यांनाही त्याला हेगला द्यायची फार घाई नव्हती, आमच्या माणसाचा न्याय आम्ही करू असा सूर. मग अमेरिकेने मदतीच्या पैशाला मुदत घातली ३१ मार्च २००१, आणि अटक झाली १ एप्रिलला पहाटे. पुढे २९ जूनला ब्रसेल्सला मदत देणाऱ्या देशांची परिषद होती, आणि पंतप्रधान जिंजिच यांनी त्याला हेगला रवाना केलं २८ जूनला. आदल्या दिवशी. राष्ट्राध्यक्ष कोश्तुनित्सांना बाजूला ठेवून. परिषदेत सव्वा अब्ज डॉलरच्या वर आश्वासनं मिळाली. सरळ सौदा होता तो, न्यायदेवतेच्या तराजूत एका बाजूला नोटा होत्या. पण गेला ना हेगला. (जिंजिचना २००३ मध्ये गोळ्या घालून मारलं, तीही किंमतच. आणि मिलोसेविच ११ मार्च २००६ ला निकाल लागायच्या आत कोठडीत वारला, म्हणजे कागदोपत्री तो आजही दोषी नाही. हे मला फार लागतं.)

लायबेरियाचा चार्ल्स टेलर. जून २००३, घानाला शांतता चर्चेला गेलेला असताना सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने आरोपपत्र उघड केलं. घानाने पकडलं नाही, उलट विमानाने घरी सोडलं. दोन महिन्यांनी गादी सोडावी लागली, नायजेरियाने बंगला दिला, तीन वर्षं मजेत. मग लायबेरियात नव्या राष्ट्राध्यक्ष आल्या, त्यांनी मागणी केली, हा पळाला आणि कॅमेरूनच्या सीमेवर गाडीत सापडला. ५० वर्षांची शिक्षा, इंग्लंडच्या तुरुंगात आहे. घानाने सोडलं तेव्हा उंटावरच्या शहाण्यांनी किती धागे बंद केले असतील याचा विचार करा :)

फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते, त्यांची गोष्ट तर ताजी आहे. फिलिपिन्सने २०१९ मध्ये आयसीसीच सोडून दिली होती, पण सदस्य असतानाच्या काळाचे गुन्हे चिकटून राहतात. ज्या मार्कोसने २०२२ ची निवडणूक दुतेर्तेच्या मुलीला जोडीला घेऊन जिंकली त्याच्याशी पुढे फाटलं, आणि ११ मार्च २०२५ ला मनिलाच्या विमानतळावर उतरला तसा उचलला, त्याच रात्री हेगच्या वाटेवर.

उलटं उदाहरणपण देतो, नाहीतर म्हणाल सोयीची उदाहरणं निवडतोय. सुदानचा बशीर. पहिलं वॉरंट २००९, तोही तेव्हा विद्यमान. जून २०१५ ला दक्षिण आफ्रिकेत कोर्टात सुनावणी चालू असताना हा लष्करी तळावरून विमान उडवून पळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्याकडे दिल्लीला भारत-आफ्रिका शिखर परिषदेला आला होता, आठवतंय का कोणाला? २०१९ ला त्याच्याच सैन्याने गादीवरून ओढला, सुदानच्या तुरुंगात टाकला, पण हेगला आजतागायत दिला नाही. कारण ज्यांनी ओढला त्यांचेही हात दारफुर प्रांतातल्या हत्याकांडात बरबटलेले, हा तिकडे बोलायला लागला तर पुढचा नंबर कोणाचा.

म्हणून पुतिनच्या बाबतीत माझं मत असं की तो कुठे फिरतो हे बघत बसण्यात अर्थ नाही. त्याच्यानंतर जो येईल त्याला हा माणूस सांभाळणं फायद्याचं वाटेल की देऊन टाकणं, प्रश्न तेवढाच आहे. आणि रशिया म्हणजे मिलोसेविचचा सर्बिया नाही, अण्वस्त्रं आहेत, तेल आहे, सव्वा अब्ज डॉलरला कोणी माणूस विकणार नाही. बशीरसारखं होण्याची शक्यता मला जास्त वाटते.

सडेतोड:

सगळं वाचलं. छान आहे. पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये, ती म्हणजे हे कोर्ट कोणासाठी आहे.

२००३ ला इराकवर हल्ला झाला, सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, जी संहारक शस्त्रं सांगितली ती सापडली नाहीत, कोणावर वॉरंट निघालं? नोव्हेंबर २०२४ ला नेतान्याहूवर निघालं तर जी अमेरिका मार्च २०२३ ला पुतिनच्या वॉरंटवर टाळ्या वाजवत होती तिनेच फेब्रुवारी २०२५ पासून कोर्टाच्या लोकांवर निर्बंध लावायला सुरुवात केली, प्रॉसिक्यूटर झाला मग न्यायाधीश. हंगेरीने तर नेतान्याहूला बोलावलं, अटक केली नाही आणि पाहुणा घरात असतानाच कोर्टातून बाहेर पडतो म्हणून जाहीर केलं. मग मंगोलियाला कोणत्या तोंडाने बोलायचं? दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल एकटे म्हणाले होते की जेत्यांनी हरलेल्यांवर चालवलेला खटला म्हणजे न्याय नाही. ऐंशी वर्षं होत आली, फारसं काही बदललं नाही.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा. ज्याला खुर्ची सोडली की कोठडी दिसते तो खुर्ची सोडेल का? २०२० मध्ये घटना बदलून २०३६ पर्यंतची सोय करून ठेवलीय, त्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्षांना आजन्म संरक्षणाचा कायदा केला. म्हणजे वॉरंट यायच्या आधीपासूनच माणूस म्हातारपणाची तरतूद करून बसलाय. त्यात तुम्ही वॉरंट टाकलं की तह करायला उरलीसुरली इच्छापण गेली. मरणारे मात्र सामान्य लोक, दोन्हीकडचे.

कलमबहाद्दर:

सडेतोड, दुटप्पीपणाबद्दल शंभर टक्के सहमत, वकिलांच्या गप्पांत आम्ही याहून वाईट बोलतो. पण त्यावरून निष्कर्ष काय काढायचा? मोठा चोर सुटला म्हणून दुसऱ्या मोठ्या चोरावरची फिर्याद फाडायची की पहिल्यावरपण करायची? मला दुसरं बरं वाटतं. आणि पालांचं म्हणाल तर इथे परिस्थिती उलटी आहे, जेता कोणी नाही, आरोपी अजून हरलेला नाही.

तहाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो आता हवेतला राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेचा तो २८ कलमी मसुदा फुटला त्यात सरळ लिहिलं होतं की युद्धातल्या कृत्यांबद्दल सगळ्या पक्षांना संपूर्ण माफी, वर रशियाला परत जी-८ मध्ये घ्या. म्हणजे बुचाच्या फायली एका कलमात बंद. गंमत अशी की दोन-तीन देशांनी आपसात माफी ठरवली म्हणून आयसीसीचं वॉरंट रद्द होत नाही. रोम कराराच्या १६ व्या कलमाप्रमाणे सुरक्षा परिषद ठराव करून १२ महिने स्थगिती देऊ शकते, परत परत वाढवू शकते, पण वॉरंट पुसू शकत नाही. आणि या गुन्ह्यांना मुदतबाह्य होणं नाही, आज सत्तरीतला माणूस ९० चा झाला तरी कागद जिवंत.

आणखी एक. युद्ध सुरू करणं हाच मूळ गुन्हा, नाझींवरच्या न्युरेम्बर्ग खटल्याने तेच म्हटलं होतं, आणि ती कल्पना पुढे रेटणाऱ्यांत सोव्हिएत कायदेपंडित आरोन ट्रायनिन होता हे मॉस्कोत आज कोणी सांगणार नाही. आयसीसी त्या गुन्ह्यासाठी पुतिनवर खटला चालवूच शकत नाही कारण रशिया सदस्य नाही आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार त्याच्याच हातात. म्हणून २५ जून २०२५ ला स्ट्रासबर्गला झेलेन्स्की आणि युरोप परिषदेने वेगळ्या विशेष न्यायाधिकरणाचा करार केला. पण तिथेही पाचर आहेच. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री हे तिघं पदावर असेपर्यंत खटला चालणार नाही, आरोपपत्र तयार करून ठेवायचं आणि वाट बघायची. रात्रपाळी म्हणतात तेच, सगळं त्या खुर्चीपाशी येऊन अडतं.

माझा डोळा मात्र पैशावर आहे. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे साधारण ३०० अब्ज डॉलर पश्चिमेत गोठलेत, त्यातला मोठा वाटा बेल्जियमच्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेमध्ये. नुसत्या उत्पन्नावर जी-७ ने युक्रेनला ५० अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं. डिसेंबर २०२५ ला युरोपने ती गोठवणूक बेमुदत केली, पण मुद्दल वापरायची वेळ आली तेव्हा बेल्जियमने पाय घट्ट रोवले की उद्या रशिया जिंकला कोर्टात तर भरपाई आम्ही एकट्याने द्यायची का, आणि शेवटी युरोपने स्वतःच्या नावावर ९० अब्ज युरो उचलायचं ठरवलं. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये उभारणीचा खर्च धरला होता ५२४ अब्ज डॉलर. माणूस हेगला जाईल न जाईल, पण हे पैसे गुपचूप परत गेले तर मात्र मी म्हणेन कागदी घोडे होते.

याला नमुना आहे. सद्दामने कुवेत घेतलं, त्याची भरपाई द्यायला १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आयोग नेमला, इराकच्या तेलाच्या पैशातून हप्त्याहप्त्याने ५२.४ अब्ज डॉलर वाटले, तीस वर्षं लागली. काम संपलं असा ठराव सुरक्षा परिषदेने एकमताने केला २२ फेब्रुवारी २०२२ ला. एकमताने म्हणजे रशियाचाही हात वर. दोन दिवसांनी रशियन रणगाडे युक्रेनमध्ये.

उंटावरचा शहाणा:

शेवटचा पॅरा वाचून उंटावरून पडलो. हे माहीत नव्हतं.

खारकीव्ह रिटर्न:

इथे नुसती वाचक आहे, लिहीत नाही कधी, पण नावावरून कळलं असेल. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते तिथे. २ मार्च २०२२ ला दुपारी दूतावासाचा मेसेज आला की संध्याकाळी सहाच्या आत खारकीव्ह सोडा, गाडी नाही मिळाली तर चालत निघा, पिसोचिन, बाबाई, बेझल्युदिव्का अशी तीन नावं दिली होती. आदल्या दिवशीच कर्नाटकातला एक मुलगा मारला गेला होता, खायला आणायला बाहेर पडला होता, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. पिसोचिनपर्यंत चाललो, बर्फ होता, हातात मांजर घेतलेली एक मुलगी होती आमच्यात, ते मांजर मला अजून आठवतं. आपण तटस्थ राहिलो म्हणून आमच्या बसेस सुटल्या असंही मी ऐकलंय आणि तटस्थ राहिलो याची लाजही वाटलीय, दोन्ही एकदम वाटू शकतं हे तिथून आल्यावर कळलं.

आमच्या ॲनाटॉमीच्या मॅडम तिथेच राहिल्या. उत्तर सल्तिव्काला त्यांचा फ्लॅट होता, तो गेला. त्यांच्याशी अधूनमधून बोलणं होतं. मी एकदा त्यांना हाच प्रश्न विचारला होता, पुतिनला अटक होईल का, तर त्या म्हणाल्या ते माहीत नाही पण मी फॉर्म भरलाय. युरोप परिषदेने हेगला जे नुकसानीचं रजिस्टर उघडलंय ना, एप्रिल २०२४ पासून त्यात घरांचे दावे घेतात, मोबाइलवरच्या सरकारी ॲपमधून होतं. फोटो टाकायचे, मालकीचा कागद टाकायचा. डिसेंबर २०२५ मध्ये दावे तपासायच्या आयोगाचा करारपण झाला. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या ओट्याचा फोटो पाठवला होता, भिंत नाही, ओटा आहे, वर कुंडी आहे.

गोगलगाय:

_/\_ लिहीत जा हो.

रात्रपाळी:

कलमबहाद्दरांनी कुवेत काढलं म्हणून. माझे काका सालमियाला होते, १९९० ला. बसने इराक ओलांडून अम्मानला आले आणि तिथून एअर इंडियाने, त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आणली होती आपण. परत आल्यावर सरकारमार्फत तो संयुक्त राष्ट्रांचा फॉर्म भरला. घरात सगळे हसायचे त्यांना, सद्दाम देणार होय तुला पैसे. काकांनी पासपोर्टावरचा शिक्का, बसचं अरबीतलं तिकीट, कंपनीचं ओळखपत्र सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, काकूला हात लावू द्यायचे नाहीत. मिळाले. डॉलरमध्ये ठरलेली ठोक रक्कम, दोन हप्त्यांत, तोवर माझी दहावी झाली होती. काका आता नाहीत, पिशवी आहे अजून कपाटात.

शंकासुर:

रात्रपाळी, फोटो काढून टाका ना त्या तिकिटाचा, जमलं तर. आणि खारकीव्ह रिटर्न, मॅडमना विचारा मूळ कागद कुठे ठेवलेत, फोनवरचे फोटो फोनबरोबर जातात.